तो २३ चा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांची आहे. ३२ व्या वर्षी दमा सुरू झाला. दोन वेळा पंप घेते, शिवाय गेली तीन वर्षं रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू आहे. तरीही मागच्या वर्षात चार मोठे अटॅक आले, एकदा अ‍ॅडमिट व्हावं लागलं. नाकात पॉलिप आहेत. गोळ्यांनी वजनही बरंच वाढलंय. रक्तातले इओसिनोफिल (सुजेत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ४२०, फेनो (श्वासनलिकांची सूज दाखवणारी फुंकरीची तपासणी) ४८, स्पायरोमेट्रीत एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर टाकलेली हवा) अपेक्षेच्या फक्त ६२ टक्के. डॉक्टर बायोलॉजिक इंजेक्शन (सुजेच्या एका ठरावीक दुव्यावर नेम धरणारं औषध) सुरू करू म्हणतात. त्यांनी माझी माहिती कॉम्प्युटरवर भरली तेव्हा ‘वर्षभरात रेमिशनची शक्यता २३ टक्के’ असं उत्तर आलं. माझा धाकटा भाऊ म्हणतो, चारातल्या तिघांना जे मिळत नाही त्यासाठी इंजेक्शनं कशाला टोचून घ्यायची? मलाही वाटायला लागलंय की माझा नंबर लागणार नाही हे आधीच ठरलंय. काय करू? आणि इंजेक्शन लागू पडलंच तर पंप बंद करता येईल का?

उत्तर

ताई,

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला पटतो. मी तुम्हाला तपासलेलं नाही, पण पत्रातले रिपोर्ट पाहता इंजेक्शन सुरू करावं याच मताची मी आहे. आणि हे मी त्या २३ च्या आकड्याकडे डोळेझाक करून म्हणत नाही, तो नीट वाचून म्हणते आहे.

घोळ कुठे झालाय ते सांगते. तुमच्या भावाने ‘रेमिशन मिळालं नाही’ याचा अर्थ ‘औषध लागू पडलं नाही’ असा घेतला. तो चुकला म्हणून त्याला बोल लावू नका, आम्ही डॉक्टरच हा शब्द पेशंटसमोर टाकून पुढच्या केसकडे वळतो. पण या दोन गोष्टींच्या मध्ये फार मोठी जागा आहे, आणि बायोलॉजिक घेणारे बहुतेक लोक त्या मधल्या जागेतच असतात.

डेन्मार्कमध्ये तीव्र दम्याच्या पेशंटची देशभराची नोंदवही ठेवतात. बायोलॉजिक पहिल्यांदाच सुरू केलेल्या ५०१ जणांचं वर्षभराने काय झालं, हे तिथल्या डॉक्टरांनी त्या नोंदींवरून पाहिलं. रेमिशन मिळालं १९ टक्क्यांना. तुमच्या २३ पेक्षाही कमी. पण ज्यांचे अटॅक निम्म्याने तरी घटले किंवा ज्यांच्या स्टेरॉइडची मात्रा निम्म्यावर आली, असे किती होते? ७९ टक्के. हे दोन्ही आकडे एकाच औषधगटाचे, एकाच देशातले, त्याच माणसांचे. तुमच्यासमोर त्यातला फक्त पहिला आकडा आला.

रेमिशन म्हणजे काय ते आधी स्पष्ट करते. दमा कायमचा बरा होणं, असा त्याचा अर्थ नाही. दमा तिथेच असतो, पण औषधाच्या दाबाखाली गप्प बसलेला असतो. २०२० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने त्याची व्याख्या मांडली: सलग किमान १२ महिने लक्षणं जवळजवळ नाहीत, स्टेरॉइडची गोळी किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन एकदाही लागलेलं नाही, फुप्फुसाची ताकद सुधारून किंवा निदान स्थिर राहून आहे, आणि दमा रेमिशनमध्ये आहे यावर पेशंट आणि डॉक्टर दोघांचं एकमत आहे. हे सगळं एकाच वेळी जुळायला हवं. अकरा महिने उत्तम गेले आणि बाराव्या महिन्यात सर्दीवरून एक अटॅक येऊन पाच दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या, तर कागदावर तुम्ही ‘रेमिशन नाही’ या रकान्यात जाता. तुम्हाला विचारलं तर असं वर्ष तुम्ही आनंदाने घ्याल, याची मला खात्री आहे.

शिवाय ही व्याख्या सगळीकडे एकसारखी नाही. कुणी फुप्फुसाची ताकद स्थिर राहिली तरी चालवून घेतं, कुणाला एफईव्ही-१ ८० टक्क्यांच्या वर हवा असतो. अमेरिकेतल्या संघटनांनी नंतर आणखी कडक अटी सुचवल्या. त्यात दम्यामुळे कामाचा किंवा शाळेचा एकही दिवस बुडता कामा नये, हीसुद्धा अट आहे. याचा परिणाम किती होतो पाहा. तीव्र दम्याच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत २३ देशांतल्या ३,७१७ पेशंटचा अभ्यास झाला. ‘अटॅक नाही आणि रोजची स्टेरॉइडची गोळी नाही’ एवढ्या दोनच अटी धरल्या तर जवळपास निम्मे लोक रेमिशनमध्ये बसले. त्यात लक्षणं आणि फुप्फुसाची ताकद या अटीही घातल्या तेव्हा उरले साधारण २० टक्के. त्यामुळे पुढच्या भेटीत डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा की हे २३ टक्के कोणत्या व्याख्येचे आहेत. तुमचा एफईव्ही-१ आज ६२ आहे. ८० ची अट असेल तर एकही अटॅक न येता, एकही गोळी न घेता वर्ष गेलं तरी तुम्ही त्या एका अटीवर अडू शकता.

आता जे सांगणार आहे ते पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटेल. मलाही वाटलं होतं.

बायोलॉजिकचा उपयोग कुणाला जास्त होईल हे ओळखण्याच्या खुणा आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहेत: इओसिनोफिल जास्त, फेनो जास्त, दमा मोठेपणी सुरू झालेला, नाकात पॉलिप, वर्षात बरेच अटॅक, स्टेरॉइडची गोळी रोज लागणं. ताई, ही यादी तुमच्या पत्रावरून उतरवून घेतल्यासारखी आहे. विशेषतः इओसिनोफिलच्या मार्गावर काम करणाऱ्या मेपोलिझुमॅब आणि बेनरालिझुमॅब या औषधांसाठी. म्हणजे फायदा होण्याच्या बाबतीत तुमचं पारडं जड आहे.

पण रेमिशनच्या खुणा वेगळ्या निघतात. तिथे ज्यांचा दमा नवा आहे, अटॅक कमी आहेत, फुप्फुसाची ताकद टिकून आहे, रोजच्या गोळीची वेळ आलेली नाही, ते पुढे असतात. ब्रिटनच्या नोंदवहीतल्या १,१११ पेशंटमध्ये १८.३ टक्के रेमिशनला पोचले. त्यात दमा जुना असण्याच्या दर दहा वर्षांमागे शक्यतेचं पारडं सुमारे १४ टक्क्यांनी हलकं होत गेलं. लठ्ठपणा असेल तर ते निम्म्यावर आलं, स्त्रियांमध्येही कमी होतं, आणि औषधाआधी लक्षणं फार असतील तर आणखी कमी. उलट इओसिनोफिल आणि फेनोसारख्या खुणा वाढलेल्या असणं ही मोठी जमेची बाजू ठरली.

दोन याद्यांत हा फरक का? ज्याचं घर जास्त जळतंय त्याला बंबाचा उपयोग जास्त होतो, पण आग विझल्यावर घर पहिल्यासारखं दिसण्याची शक्यता ज्याच्याकडे ठिणगीच पडली होती त्याची जास्त. चौदा वर्षं सूज राहिली की श्वासनलिकांच्या भिंती जाड होतात, त्यांचा स्नायू वाढतो, अस्तराखाली जाळी घट्ट होते. बायोलॉजिक सूज उतरवतं. झालेलं बांधकाम मोडून काढत नाही. तरीही तुमच्या ६२ टक्क्यांमधला सगळाच अडथळा कायमचा आहे, असं धरून चालू नका. तीव्र दम्यात बारीक नळ्यांमध्ये चिकट कफाचे बोळे अडकून बसतात, सीटी स्कॅनमध्ये ते दिसतात, आणि त्यांचं इओसिनोफिलशी जवळचं नातं आहे. बायोलॉजिकने हे बोळे कमी होतात असं दिसून आलंय. तुमच्या अडथळ्यातला किती भाग भिंतीचा आणि किती बोळ्यांचा, हे स्पायरोमेट्रीच्या एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून काही महिने औषध घेऊन पाहणं, हाच त्याचा खरा शोध.

म्हणजे तुमचा २३ हा आकडा दोन्ही याद्यांची बेरीज-वजाबाकी आहे. आणि त्याचा अर्थ एवढाच की तुमच्यासारखे रिपोर्ट असलेले शंभर जण घेतले तर त्यातले सुमारे तेवीस रेमिशनला पोचतील. त्या शंभरांत तुमची जागा कुठली, हे अंदाज सांगणाऱ्या कॉम्प्युटरच्या मॉडेलला माहीत नसतं. तुम्ही पंप नीट ओढता की नाही, घरात कुणी सिगरेट ओढतं का, नाकाचे उपचार किती मनापासून चालू आहेत, हे त्याला सहसा विचारलेलंच नसतं.

अशा मॉडेलची पारख कशी करायची तेही थोडं सांगते, कारण आता हे सगळ्यांच्याच समोर येणार आहे. मॉडेल ज्या पेशंटच्या माहितीवर शिकलं त्यांच्यावरच तपासलं तर गुण चांगलेच येतात. आधी पाहिलेली प्रश्नपत्रिका सोडवण्यासारखं आहे ते. दुसऱ्या हॉस्पिटलमधल्या, दुसऱ्या देशातल्या पेशंटवर ते टिकलं का, हे विचारायला हवं. कधी ‘अचूकता ०.७५’ असा आकडा सांगतात. त्याचा अर्थ १०० पैकी ७५ अंदाज बरोबर असा होत नाही. रेमिशन मिळालेला एक आणि न मिळालेला एक, असे दोन पेशंट समोर ठेवले तर चारातल्या तीन वेळा मॉडेल पहिल्याला जास्त गुण देतं, एवढंच तो आकडा म्हणतो. गटाची रांग लावायला हे चांगलं आहे. पण एका माणसाला औषध द्यायचं की नाही, हे त्याच्यावरून ठरवू नये.

आणि २३ ची तुलना १०० शी करण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती इंजेक्शन न घेतल्यास तुमचं पुढचं वर्ष कसं जाईल त्याच्याशी. पुढे अटॅक येईल का, हे सांगणाऱ्या सगळ्यात भरवशाच्या खुणांपैकी एक म्हणजे मागच्या वर्षी आलेला अटॅक. तुम्हाला चार आले. म्हणजे तसंच आणखी एक वर्ष, आणि त्याबरोबर रोजच्या प्रेडनिसोलोनमुळे ठिसूळ होणारी हाडं, चढणारी साखर, डोळ्यांत उतरणारा मोतीबिंदू. तुमच्या भावाने हिशेब करताना ही बाजू मांडलेलीच नाही. २०१४ मध्ये आलेल्या सिरियस या चाचणीत रोज स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्यांना मेपोलिझुमॅब दिल्यावर गोळीची मात्रा मध्यकाने (म्हणजे निम्म्या लोकांची निदान एवढी) ५० टक्क्यांनी उतरली. २०१७ च्या झोंडा चाचणीत बेनरालिझुमॅबने ७५ टक्क्यांनी, तर नुसत्या प्लासिबोने (औषध नसलेल्या इंजेक्शनाने) २५ टक्क्यांनी. तुमच्या हाडांच्या दृष्टीने, रेमिशन हा शब्द कागदावर आला नाही तरी, हे फार मोठं आहे.

आधी अंदाज बांधून मग औषध देण्याची सवय या क्षेत्राला ठेच लागूनच लागली आहे. मेपोलिझुमॅब सुरुवातीला सरसकट दम्याच्या पेशंटवर वापरून पाहिलं तेव्हा २००७ च्या चाचणीत निकाल निराशाजनक आला होता. औषध बाजूलाच पडायचं. मग २००९ मध्ये दोन लहान चाचण्यांत, ज्यांच्या कफात इओसिनोफिल खरोखर वाढलेले होते अशांनाच निवडून दिलं, आणि अटॅक स्पष्टपणे घटले. औषध तेच होतं, निवड बदलली. तुमचे ४२० आणि ४८ हे आकडे तुम्हाला त्या निवडलेल्या गटात बसवतात. तुम्ही त्यांचा पत्रात ओझरता उल्लेख केलाय, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे तेच आहेत.

त्यातही एक बारीक गोष्ट. प्रेडनिसोलोन इओसिनोफिल खाली दाबतं. रोज १० मिलिग्रॅम घेऊनही ४२० येत असतील तर दमा खूप धुमसतोय. गोळ्या सुरू होण्याआधीचे जुने रक्ताचे रिपोर्ट घरात सापडले तर ते डॉक्टरांना नक्की दाखवा. आणि पोटात जंत झाल्यानेही हे आकडे वाढतात, तेव्हा तसा संशय असेल तर इंजेक्शनाआधी ते तपासून घेतलेलं बरं.

आता त्या आकड्यात तुमच्या हातात काय आहे. वय, स्त्री असणं, चौदा वर्षं, हे बदलत नाही. पण दमा जुना होणं थांबत नाही म्हणूनच ‘आणखी वर्षभर बघू’ हा पर्याय मला मान्य नाही. पंपाचं तंत्र पुन्हा एकदा कुणाला तरी समोर करून दाखवा. वर्षानुवर्षं पंप घेणारेही चुकीच्या वेळी श्वास ओढतात, हे मी रोज पाहते. पंपाचे डोस चुकत असतील तर लाजू नका, सांगा. फेनो जास्त येण्यामागे कधीकधी नुसते चुकलेले डोस असतात आणि मग दमा आहे त्यापेक्षा तीव्र वाटतो. नाकाकडे दुर्लक्ष करू नका. पॉलिप आणि दमा एकाच सुजेची दोन टोकं आहेत, आणि औषध निवडताना दोन्हींना लागू पडेल असं पाहता येतं. ड्युपिलुमॅब, मेपोलिझुमॅब आणि ओमालिझुमॅब या तिघांचाही पॉलिपवर उपयोग दिसलेला आहे. तुमच्या बाबतीत कोणतं, हे डॉक्टर ठरवतील. मात्र नाकाबद्दल तुम्ही स्वतःहून बोला.

वजनाबद्दल तुम्ही ‘गोळ्यांनी वाढलंय’ असं लिहिलंय, त्यात मला अपराधीपणा जाणवला. तो काढून टाका. स्टेरॉइडने भूक वाढते आणि चरबी साठते, त्यात तुमचा आळस नाही. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी दम्याचा ताबा सुधारू शकतो. पण क्रम असा असावा: आधी इंजेक्शनाने दम सावरेल, मग गोळी उतरेल, मग चालणं वाढेल. वजन कमी केल्याशिवाय इंजेक्शन नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

इंजेक्शन सुरू होण्याआधीच्या आठवड्यात आजची स्थिती लिहून ठेवा. दम्याच्या ताब्याची पाच प्रश्नांची चाचणी असते, २५ पैकी गुण, २० किंवा त्याहून जास्त म्हणजे ताबा चांगला. ती भरा. मागच्या वर्षातले अटॅक तारखांसकट, रोजची गोळी, रात्री किती वेळा जाग येते, जिना चढताना कुठे थांबावं लागतं, सगळं. चार महिन्यांनी ‘बरं वाटतंय का?’ या प्रश्नाला आठवणीतून उत्तर देणं फार अवघड असतं, कारण माणूस सुधारणेला झपाट्याने सरावतो. किमान चार महिने दिल्याशिवाय औषधाचा निकाल लावायचा नसतो. चित्र धूसर असेल तर सहा ते बारा महिन्यांपर्यंत थांबतात. त्या टप्प्यावर तुमच्या स्वतःच्या शरीराने दिलेलं उत्तर कॉम्प्युटरच्या २३ पेक्षा कितीतरी जास्त भरवशाचं असेल. एक औषध लागू पडलं नाही तर दुसऱ्या मार्गाचं औषध वापरून पाहता येतं. टेझेपेलुमॅबसारखं, सुजेच्या साखळीत आणखी वरच्या कडीवर काम करणारं औषधही २०२१ पासून वापरात आलंय.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक शब्दांत सांगते. बरं वाटू लागलं म्हणून प्रेडनिसोलोन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. तीन वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोल, बनवणाऱ्या तुमच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी गेलेल्या असू शकतात. बेनरालिझुमॅब देऊन गोळी हळूहळू उतरवण्याची पोनेन्टे नावाची मोठी चाचणी झाली, तिच्यात तपासलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या ग्रंथी पूर्ण किंवा काही अंशी मंदावलेल्या आढळल्या. तरीसुद्धा ६० टक्क्यांहून अधिक लोकांची गोळी शेवटी पूर्ण सुटली. गोळी सुटते, पण पायरी-पायरीने, सकाळच्या कॉर्टिसोलची तपासणी करत. उतरवताना अतोनात थकवा, चक्कर, मळमळ, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शेवटी तुमचा पंपाचा प्रश्न. बंद नाही, पण कदाचित कमी. बेनरालिझुमॅबवर ज्यांचा दमा छान आटोक्यात होता त्यांच्या पंपाची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून पाहणारी शामाल ही चाचणी झाली. ९२ टक्के लोकांना मात्रा कमी करता आली, ६१ टक्के तर फक्त गरज लागेल तेव्हा पंप घेण्यापर्यंत आले. पण याच शेवटच्या टोकाला गेलेल्यांची फुप्फुसाची ताकद काहीशी घसरली आणि फेनो वर गेला. बाहेरून शांत, आत पुन्हा सूज. म्हणून मध्यम मात्रेच्या खाली घाईने जाऊ नये, असं मार्गदर्शक सूचनाही सांगतात. इंजेक्शन थांबवण्याचंही तसंच. ओमालिझुमॅब पाच वर्षांच्या आसपास घेतलेल्यांमध्ये, चालू ठेवणारे ६७ टक्के लोक पुढचं वर्ष अटॅकशिवाय राहिले, थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ४८ टक्के. थांबवणाऱ्यांमधलेही जवळपास निम्मे नीट राहिले, हेही खरं. पण ते निम्मे नेमके कोण, हे आधी ओळखता आलेलं नाही. त्यामुळे वर्ष पूर्ण होण्याआधी हा विषय काढू नका, आणि काढाल तेव्हा गोळी पूर्ण सुटलेली आणि पंप मध्यम मात्रेवर आलेला असू द्या.

तोवर पंप सकाळ-संध्याकाळ चालू, आणि घेतल्यावर दर वेळी चूळ भरायची.